टिपणातली सत्तावीसवी छबी

१

यानवेई गावच्या मात्सू या सागरदेवीच्या देवळाचं आढं नव्वद वर्षांत पहिल्यांदाच उघडं झालं, आणि त्याच वर्षी देवळात चोरी झाली.

गेली ती आढ्यावरची घोडेस्वार स्त्री-सेनानी. हातभर उंचीची मूर्ती, फोडलेल्या वाडग्यांचे रंगीत तुकडे चुन्यात बसवून केलेली. छपराच्या दुरुस्तीसाठी चौदा मार्चला बेचाळीस मूर्ती खाली उतरवल्या होत्या. प्रत्येकीचा फोटो निघाला, प्रत्येकीला नंबर पडला, खोक्यांवर लाल कागदाची सीलं लागली आणि खोकी मूर्ती घडवणाऱ्या वंग शिफूंच्या, म्हणजे वंग उस्तादांच्या, कारखान्यात गेली. सहा मे रोजी शिफूंनी सत्तावीस नंबरचं खोकं फोडलं, मूर्ती हातात घेतली आणि सरळ देवळात फोन लावला. "ही माझ्या गुरूंच्या हातची नाही. कुणीतरी नक्कल दिलीय."

तीन दिवसांनी समितीनं देवळाच्या संगणकावरचं टिपण उघडलं. सत्तावीस नंबरखाली चौदा मार्चचा फोटो होता आणि फोटोत मूर्ती अस्सल होती. म्हणजे खोक्यात अस्सल मूर्ती गेली होती. सील फोडलं कुणी? शिफूंनी. मग संपलंच की.

ही हकीकत कू पेई-च्वन, म्हणजे कूबाईंना, दहा मेच्या सकाळी फोनवर कळली. त्या वेळी त्या दूधमाशाची पेज खात होत्या. सांगणारी मेई-श्यांग होती. शाळेतली निवृत्त परिचारिका, आता देवळाची टिपणं तीच ठेवायची.

"बाई, शिफूंवर पोलिसात तक्रार करायचं ठरतंय हो. बारा तारखेला बैठक आहे. आणि पुरावा काय, तर आपलं टिपण!"

कूबाईंनी चमचा खाली ठेवला. एकतीस वर्षं त्यांनी ताइनानच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली होती. निवृत्तीनंतर त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टिपणं ठेवायला शिकवत. देवळाचा जुनाट संगणक दुसरं काही चालवेना, म्हणून त्यांनीच तिथे तो एडिटर बसवला होता. नुसत्या अक्षरांच्या टिपणात फोटो यावेत म्हणून एक स्क्रिप्टही त्यांनी लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे संगणकासाठी लिहून ठेवलेली हुकमांची यादी. एक कळ दाबली की ती मूर्तीचा नंबर विचारायची, कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो उचलायची, लहान करायची, नंबर, तारीख आणि वेळेचं नाव देऊन कप्प्यात ठेवायची आणि टिपणात त्या नावाची एक ओळ घालायची.

ती एक ओळ आता एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या गळ्याचा फास झाली होती.

"मी येते," कूबाई म्हणाल्या. "त्या संगणकाला कुणाला हात लावू देऊ नकोस."

"ते आता कसं जमणार? ल्याव साहेबांनी परवाच सगळं नव्या डिस्कवर हलवलं!"

२

मिठागरांवर पांढरं ऊन पडलं होतं. कूबाईंची स्कूटर देवळासमोर थांबली तेव्हा परांचीवरचं हिरवं कापड वाऱ्यानं फडफडत होतं.

मेई-श्यांगनं मागच्या दालनात संगणक लावूनच ठेवला होता. कूबाईंनी सत्तावीस नंबर उघडला. निळं कापड टाकलेलं टेबल, घोड्यावर बसलेली सेनानी, वाऱ्यावादळानं वाकलेला तिचा तारेचा भाला आणि उजव्या बाजूला '२७' लिहिलेलं कार्ड. फोटो स्वच्छ होता, सव्वीस आणि अठ्ठावीसच्या फोटोंसारखाच.

"हा तूच काढलास ना?"

"कार्ड माझं, कापड माझं. पण खरं सांगू? त्या दिवशी बेचाळीस काढले. सगळ्या मूर्ती काजळीनं काळ्याकुट्ट झालेल्या. भाला वाकडा होता की सरळ, हे मला शपथेवर विचाराल तर मी मान खालीच घालीन."

"शिफू नव्हते तेव्हा?"

"कुठले! त्या दिवशी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आठवडाभर थांबा म्हणाले होते. ल्याव साहेब म्हणाले, मुहूर्त काढलाय, बदलता येणार नाही."

ल्याव क्वो-चू देवळाचे व्यवस्थापक होते. देवळाच्या किल्ल्या, मजूर, मुहूर्त, सगळं त्यांच्या हातात.

कूबाईंनी फाइलींच्या तारखा पाहिल्या. बेचाळीसच्या बेचाळीस फाइलींवर एकच तारीख होती, आठ मे. नव्या डिस्कवर उतरवताना जुन्या तारखा पुसल्या गेल्या होत्या.

"डिस्क बिघडली होती का गं?"

"मला तर काही जाणवलं नव्हतं. ल्याव साहेब म्हणाले, घरघर करतेय."

कूबाईंनी सगळा कप्पा आपल्या पेन-ड्राइव्हवर उतरवून घेतला आणि थेट शिफूंच्या कारखान्यात गेल्या.

वंग शिफू चिमट्यानं एका वाडग्याचा तुकडा कुरतडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुम्हीही चोर बघायला आलात का, बाई?"

"मी मूर्ती बघायला आले."

शिफूंनी नक्कल पुढे ठेवली. "बघा. घागऱ्याचे तुकडे कारखान्यातल्या वाडग्यांचे आहेत, सगळे एका जाडीचे. माझे गुरू फुटका वाडगा दारोदार मागून आणायचे. त्यांच्या दोन तुकड्यांची जाडी कधी सारखी नसायची. आणि हा भाला बघा, सुईसारखा सरळ. नव्वद वादळं खाल्लेला भाला असा राहतो होय?"

"नक्कल करणारा भाला वाकवायला विसरला म्हणता?"

"खालून उभं राहून बघितलं की तो सरळच दिसतो. वर चढून कोण बघणार? पण हात वाईट नाही. कुणा परगावच्या कारागिराचा असावा, आणि मेहनतीनं केलंय."

"तुम्हीच फोन केलात. गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"तेच मी त्यांना म्हटलं. तर ल्याव म्हणतो, चोराच्या उलट्या बोंबा." शिफूंचा चिमटा थांबला. "बाई, साठ वर्षं देवळांच्या आढ्यांवर चढतोय मी. पडलो असतो तर लोक म्हणाले असते, देवाचं काम करताना गेला. आता काय म्हणतील?"

 परतताना कूबाईंनी मनाशी खूणगाठ बांधली. टिपण आपलं, स्क्रिप्ट आपली. चूक असेल तर ती सापडलीच पाहिजे, आणि चूक सापडेपर्यंत उठायचं नाही ही त्यांची एकतीस वर्षांची सवय होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कूबाईंनी कोहळ्याच्या चहाचा पेला शेजारी घेतला आणि स्वतःच्या संगणकावर फोटो एकामागून एक उघडायला सुरुवात केली. मुद्रित तपासताना त्या मजकूर वाचत नसत, अक्षरं बघत. तसंच आता त्या मूर्ती बघत नव्हत्या, कडा बघत होत्या.

चोवीस. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.

त्या थांबल्या आणि पुन्हा मागे गेल्या. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

कूबाईंच्या पडद्याची पार्श्वभूमी काळी असे. पांढऱ्या पडद्यानं त्यांचे डोळे दुखत. त्या काळ्यावर सत्तावीस नंबरच्या फोटोखाली बोटभर पांढरी पट्टी चमकत होती. बाकी एकेचाळीस फोटोंखाली तसलं काही नव्हतं.

देवळातल्या संगणकाचा पडदा पांढरा होता. पांढऱ्यावर पांढरी पट्टी कुणाला दिसणार?

ती पट्टी कुठून आली हे मात्र त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्यांनीच घातली होती. मेई-श्यांगची तक्रार होती की कागदावर छापलं की फोटो एकमेकांना चिकटतात, खाली पेन्सिलीनं काही लिहायला जागाच राहत नाही. म्हणून त्यांनी देवळात जाऊन स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, की प्रत्येक फोटोखाली पांढरी पट्टी जोडायची. त्यांनी आपली वही काढली. दुरुस्तीची तारीख होती दोन एप्रिल.

चौदा मार्चला निघालेल्या फोटोला दोन एप्रिलनंतरची पट्टी कशी असेल?

म्हणजे हा फोटो चौदा मार्चचा नव्हताच. मूर्ती अस्सल होती, तारीख खोटी होती. कुणीतरी दोन एप्रिलनंतर अस्सल मूर्ती त्याच निळ्या कापडावर ठेवून नवा फोटो काढला होता, देवळातल्याच स्क्रिप्टमधून तो घातला होता आणि मग त्याला जुन्या फोटोचं नाव देऊन जुन्याच्या जागी बसवला होता. टिपणातल्या ओळीला ढिम्म कळलं नव्हतं. टिपणात चित्र नसतंच, चित्राचा नुसता पत्ता असतो. त्या घरात कोण राहायला आलंय हे पत्त्याला काय माहीत!

आणि ज्यानं हे केलं, त्याच्याकडे दोन एप्रिलनंतरसुद्धा अस्सल मूर्ती होती.

४

डॉक्टर फान यी-च्युन दुरुस्तीवर देखरेख करणारी संशोधक होती. तरुण, हुशार, बोलायला फटकळ. जुन्या मूर्ती शहरातल्या संग्रहालयात ठेवाव्यात आणि आढ्यावर नव्या बसवाव्यात, हा तिचाच प्रस्ताव होता आणि तो मंजूरही झाला होता. कूबाईंनी तिला दुपारी फोन लावला.

"मूर्ती नाहीशी झाल्यावर सगळ्यात जास्त कुणाचं नुकसान झालं माहितीय? माझं," फान म्हणाली. "पत्रिका छापून तयार होती."

"तुम्ही मार्चनंतर देवळात कधी गेलात?"

"नऊ मेला, बैठकीला. मधले दोन महिने काऊश्युंगला शिकवत होते. हजेरीपट दाखवू का?"

"माझी स्क्रिप्ट तुम्ही नेली होतीत ना?"

"मार्चमध्ये उतरवून घेतली होती. एकदा वापरली, मग सोडून दिली. राग मानू नका, बाई, पण तो एडिटर म्हणजे दगडी पाटी आहे."

"दगडी पाटीवरचं लवकर पुसलं जात नाही," कूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

फानकडे जुनी स्क्रिप्ट होती, पट्टी न जोडणारी. देवळातल्या संगणकापाशी ती मार्चनंतर नऊ मेपर्यंत फिरकलीच नव्हती. ती सुटली.

शिफूंचं काय? शिफूंकडे अस्सल मूर्ती असती आणि त्यांना फोटोच बदलायचा असता, तर त्यांनी नकलेचा फोटो घातला असता, म्हणजे नक्कल आधीपासूनच होती असं दिसलं असतं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यात फास कोण अडकवतं? तेही सुटले.

देवळातल्या संगणकावर स्क्रिप्ट चालवणारी आणखी दोनच माणसं उरली होती, मेई-श्यांग आणि ल्याव साहेब. दोघंही कूबाईंच्याच वर्गात शिकलेली.

संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर ल्याव साहेबांनी कूबाईंना शेंगदाण्याच्या चिक्कीची बशी पुढे केली. साठीचा धिप्पाड माणूस, उन्हानं रापलेला चेहरा. बोलताना सारखी आढ्याकडे नजर जायची.

"बाई, तुमचा माणूस फसला म्हणून वाईट वाटतंय ना? मलाही वाटतं. पण पुरावा तुमच्याच टिपणाचा आहे."

"डिस्क का बदललीत, साहेब?"

"घरघर करत होती. देवीचं दफ्तर बुडालं असतं तर?"

"तुम्ही वर्गाला तीनदाच आलात. एवढं सगळं कसं जमलं?"

ल्याव हसले. "तुम्हीच तर शिकवलंत. उघडा, फोटो घाला, जतन करा. आणि फाइल एका जागेवरून दुसरीकडे कशी न्यायची ते. मला तेवढंच येतं, आणि तेवढ्यात माझं भागतं."

"सात तारखेला देवळात कोण होतं?"

बशीवरचा हात क्षणभर थांबला. "मीच होतो. मेई-श्यांग नातवाच्या बारशाला गेली होती. का?"

कूबाईंनी तो दिवस उगाच विचारला होता. शिफूंचा फोन सहा तारखेला आला, डिस्क आठला बदलली. मधला दिवस कसा गेला एवढंच त्यांना बघायचं होतं. पण तो थांबलेला हात त्यांनी पाहिला.

संशय आला म्हणजे पुरावा झाला असं नव्हे. ल्याव आणि मेई-श्यांग यांच्यात कोण, हे फोटोनंच सांगायला हवं होतं. त्या आत गेल्या.

"मेई-श्यांग, तू रोज सकाळी कोणती यादी बघतेस? मला दाखव."

मेई-श्यांगनं नेहमीच्या सरावानं एक कळ दाबली. पडद्यावर नखाएवढ्या फोटोंची रांग उमटली, बेचाळीस छोट्या छब्या. नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून तिनंच ही सोय मागितली होती. स्क्रिप्ट प्रत्येक मोठ्या फोटोबरोबर एक छोटी छबीही तयार करून वेगळ्या कप्प्यात ठेवायची. त्या कप्प्याच्या नावाआधी टिंब होतं आणि टिंब असलं की तो कप्पा नेहमीच्या यादीत दिसत नाही. वर्गात हे फक्त मेई-श्यांगला शिकवलं होतं.

कूबाईंनी सत्तावीस नंबरच्या छबीवर बोट टेकवलं.

मोठ्या फोटोत कार्ड उजवीकडे होतं. छोट्या छबीत ते डावीकडे होतं.

५

"मोठी कर," कूबाई म्हणाल्या. "आणखी."

छबी मोठी होताना फुटली, सगळे चौकोन चौकोन दिसायला लागले. पण एक रेघ मात्र सरळ उभी राहिली. सेनानीचा भाला. सुईसारखा सरळ.

मेई-श्यांगनं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मी त्या दिवशी नकलेचाच फोटो काढला?"

"हो. नक्कल त्याआधीच आढ्यावर चढली होती. खोक्यात गेली तीही नक्कलच."

"म्हणजे शिफूंनी..."

"शिफूंनी खोकं फोडलं तेव्हा त्यात जे होतं तेच त्यांनी सांगितलं."

कूबाईंनी खुर्ची ओढली. आता त्यांचा आवाज मुद्रित वाचून दाखवतात तसा सपाट झाला होता.

"आता एक सांग. तुला हा फोटो बदलायचा असता तर काय केलं असतंस?"

"मी? मोठा बदलला असता, मग छोटा... छोटा तर बदलायलाच लागला असता. मी तो रोज बघते. दुसऱ्याच दिवशी मलाच कळलं असतं."

"रोज बघतेस ना? मग कार्ड बाजू बदलून बसलंय हे तुला का कळलं नाही?"

"कारण छोटं बदललंच नव्हतं. माझ्या यादीत ते जसंच्या तसं होतं. मोठा फोटो मार्चनंतर मी काल तुमच्यासमोरच बघितला, आणि तेव्हा कार्डाकडे लक्षच नव्हतं."

"बरोबर. म्हणजे ज्यानं मोठा बदलला, त्याला छोटा असतो हेच ठाऊक नव्हतं."

 मेई-श्यांग हळूच म्हणाली, "बाई, हे नुसतं तुमचं म्हणणं झालं. उद्या ते म्हणतील, टिंबाचा कप्पा तुमचाच, तुम्हीच काय ते करून ठेवलंत."

तिचं बरोबर होतं. कूबाईंनी टिंबाचा कप्पा जसा होता तसा उघडला, यादीतून नाही, सरळ; यादीत टिपणात नाव असलेल्याच छब्या येत. एकेक नाव मोजत त्या खाली आल्या. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस.

खाली आणखी एक होतं. मूर्ती बेचाळीस आणि छब्या त्रेचाळीस.

कूबाईंनी त्रेचाळिसावं नाव वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

६

बारा मेच्या सकाळी दहा वाजता मागच्या दालनात अकरा माणसं बसली होती. टेबलाच्या टोकाला समितीचे अध्यक्ष हौ आजोबा, वय त्र्याऐंशी. एका कोपऱ्यात वंग शिफू, स्वच्छ सदरा घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. फान भिंतीला टेकून उभी होती.

ल्याव साहेबांनी तक्रारीचा मसुदा वाचला. वाचून झाल्यावर म्हणाले, "कुणाच्या मनात किंतू असेल तर देवीपुढे कौल लावू. लाकडाचे दोन कौल टाकू, देवी सांगेल ते खरं."

"देवीला कशाला त्रास?" कूबाई म्हणाल्या. "आधी संगणकाला विचारू. त्याला उत्तर नाही आलं तर मग देवीला."

हौ आजोबा कान पुढे करून म्हणाले, "बोला, बाई. सावकाश बोला, मला ऐकू कमी येतं."

कूबाईंनी मेई-श्यांगला पडद्याची पार्श्वभूमी काळी करायला सांगितली. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस एकाखाली एक आले आणि पांढरी पट्टी सगळ्यांना दिसली. पट्टीची तारीख त्यांनी वहीतून वाचून दाखवली. मग छोटी छबी दाखवली, कार्ड आणि भाला.

"म्हणजे अस्सल मूर्ती चौदा मार्चच्या आधीच गेली," फान भिंतीपासून दूर होत म्हणाली. "परांची फेब्रुवारीत बांधली. चारी बाजूंनी कापड लावलेलं. आत कोण काय करतंय ते रस्त्यावरून दिसत नव्हतं."

"परांचीची किल्ली कुणाकडे असते?" हौ आजोबांनी विचारलं.  ती ल्याव साहेबांकडे असते हे सगळ्यांनाच माहीत होतं.

ल्याव साहेब लाल झाले. "मजुरांकडेही असते! आणि फोटो बदलायचं म्हणाल तर या मेई-श्यांगबाई दिवसभर संगणकापाशी असतात. छोट्या छब्या त्यांनाच माहीत. मुद्दाम एक न बदलता ठेवली असेल, दुसऱ्यावर ढकलायला!"

"असं होऊ शकतं," कूबाई म्हणाल्या. "म्हणून मी काल सगळ्या मोजल्या. साहेब, तुम्ही म्हणालात, तुम्हाला तीनच गोष्टी येतात. उघडा, फोटो घाला, जतन करा. फोटो घालायची कळ दाबली की स्क्रिप्ट किती फोटो तयार करते?"

"एक."

"दोन. एक मोठा आणि एक छोटा. ज्यानं नवा फोटो घातला त्यानं मोठ्याचं नाव बदललं, टिपणातली नवी ओळ पुसली. पण छोट्याला हात लावला नाही, कारण तो आहे हेच त्याला माहीत नव्हतं. तो अजून तिथेच आहे. स्वतःच्या जन्माच्या नावानं."

त्यांनी त्रेचाळिसावी छबी उघडली. वाकडा भाला, उजवीकडे कार्ड. मोठ्या फोटोतलीच, तीच. खाली नाव होतं, मूर्तीचा नंबर, तारीख आणि वेळ. सत्तावीस, सात मे, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं.

दालनात कुणीतरी घसा खाकरला.

"सात मेला मी ताइनानला होते," मेई-श्यांग म्हणाली. "नातवाच्या बारशाला. चाळीस माणसांत. फोटो आहेत माझ्याकडे!"

"आणि देवळात?" हौ आजोबांनी विचारलं.

ल्याव क्वो-चूंनी तक्रारीचा कागद टेबलावर ठेवला, त्याची घडी सरळ केली. 

"मी होतो," ते म्हणाले. "एकटाच."

शिफू उठून उभे राहिले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "का रे?"

"माझा बाप मिठागरावर होता, शिफू. मीही दहा वर्षांचा असल्यापासून मीठ ओढायचो. भर उन्हात परत येताना रस्ता दिसायचा नाही, नुसता पांढरा उजेड. पण आढ्यावर तिचा भाला दिसला की गाव आलं म्हणायचं." त्यांनी फानकडे बघितलं. "आणि ही पोरगी म्हणे, काचेच्या पेटीत ठेवू. वीस अंश थंडाव्यात. मी समितीत विरोध केला, हरलो. मग मी नक्कल करून घेतली, काचेत ती जावी आणि खरी गावातच राहावी म्हणून. शिफू इस्पितळात असतील अशी तारीख धरली. उतरवतानाच तुमच्या डोळ्याला कळलं असतं; ऑपरेशननंतर कळणार नाही असं वाटलं."

"ते ऑपरेशन झालेल्या डोळ्यालासुद्धा कळलं," शिफू म्हणाले. "पण मी विचारतोय ते हे नाही. मूर्ती नेलीस ते समजलं. माझं नाव का घेतलंस?"

 "तुमचा फोन आला आणि मी घाबरलो," ल्याव साहेब म्हणाले. "दुसरं कुणी सुचलं नाही."

"म्हणजे माझं नाव सुचलं, पण ते सोडून देणं जमलं नाही." शिफूंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तीन दिवस माझी मुलगी बाजारात तोंड लपवून जातेय, ल्याव!"

७

मूर्ती ल्याव साहेबांनी स्वतः आणली. गोधडीत गुंडाळून, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभी धरून. घरच्या देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ती तीन महिने होती. शिफूंनी ती टेबलावर घेतली, घागऱ्यावरून अंगठा फिरवला, एका तुकड्यापाशी थांबले, दुसऱ्यापाशी थांबले, आणि मान हलवली.

पोलिसात जायचं की नाही यावर तासभर वाद झाला. शेवटी हौ आजोबा म्हणाले, ज्याच्यावर आळ आला त्यानंच ठरवावं. शिफूंनी दोन गोष्टी मागितल्या. ज्या फलकावर देवळाच्या सूचना लागतात तिथे ल्यावनं स्वतःच्या सहीनं खरं काय घडलं ते लिहून लावावं, आणि वर्षभर ते काढू नये. आणि किल्ल्या सोडाव्यात. ल्याव साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा तिथेच ठेवला. फलकावरचं पत्र त्यांनी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन खेपांना 'गैरसमज' हा शब्द आला होता आणि कूबाईंनी दोन्ही वेळा तो खोडला.

संग्रहालयाचा प्रश्न पुन्हा मतदानाला आला. फाननं आधी जोरात भांडण केलं. मग शिफूंना सरळ विचारलं, "ही अजून किती वर्षं वर टिकेल?"

"चुना नवा भरला तर पन्नास. माझ्याहून जास्त."

"आणि पन्नास वर्षांनी?"

"तेव्हाच्या माणसांना ठरवू दे. त्यांनाही काही काम हवं ना?"

सात विरुद्ध चार मतांनी मूर्ती वर गेली. फाननं आपलं मत कुठे टाकलं ते सांगितलं नाही, पण मोजणीनंतर ती हसत होती.

कूबाईंनी टिपणातला खोटा फोटो काढून टाकला नाही. सत्तावीस नंबरखाली त्यांनी दोन्ही ठेवले, नकलेची छोटी फुटकी छबी आणि अस्सलचा मोठा फोटो, प्रत्येकाखाली खरी तारीख, आणि कुणी, केव्हा, कशासाठी बदललं त्याच्या चार साध्या ओळी. मेई-श्यांग म्हणाली, "इतकं उघड लिहायचं?" कूबाई म्हणाल्या, "पुढं कुणी वाचेल त्याला आपल्यासारखं तीन दिवस बसायला नको."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मूर्ती वर चढवायची होती. सकाळी आठलाच ऊन तापलं होतं. गावातली बरीच माणसं अंगणात वर तोंड करून उभी होती. ल्याव साहेब सगळ्यांच्या मागे, मिठागराच्या बाजूच्या भिंतीपाशी, टोपी हातात धरून उभे होते. त्यांच्या शेजारची जागा रिकामीच होती.

शिफू आढ्यावर बसले होते, चुन्याची पाटी मांडीशी. दोरानं मूर्ती वर आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, खाली बघितलं, गर्दीवरून नजर फिरवली आणि भिंतीपाशी थांबवली.

"ल्याव!" ते ओरडले. "तिथे काय उभा राहिलायस? वर ये. चुना धरेपर्यंत हिला धरायला दोन माणसं लागतात."

ल्याव साहेब जागचे हलले नाहीत. मग मेई-श्यांगनं त्यांच्या हातातली टोपी काढून घेतली आणि ते परांचीच्या शिडीकडे चालू लागले.